तारावाल्या कोठीचे दप्तर

लखनौस बदलून आलेल्या मराठी माणसाला चिनहट हे नाव सत्तावन्नच्या इतिहासातून ठाऊक असते. 30 जून 1857 रोजी येथे हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीस वेढा पडला. या लढाईतील मौलवी अहमदुल्ला शाह यांनी पुढे शहरात जेथे मुक्काम केला, ती तारावाली कोठी म्हणजे अवधची राजकीय वेधशाळा होय. चिनहट पाहून झाल्यावर आम्ही तिकडे वळलो.

नसिरुद्दीन हैदर याच्या कारकिर्दीत तिचा आरंभ झाला. तेथील ज्योतिर्विद कर्नल विल्कॉक्स 1848 साली वारले; पुढल्याच वर्षी वाजिद अली शाह याने वेधशाळा बंद केली. तेथे घेतलेले वेध छापून निघाले नाहीत आणि मूळ कागदही उरले नाहीत. दप्तरात जन्म घालविणाऱ्या आम्हांस ही हानी फार लागली.

आकाशाचे दप्तर मात्र निराळे. चिनहटच्या लढाईच्या दिवशी निघालेला प्रकाश एकशे सत्तरेक प्रकाशवर्षांवरील ताऱ्यांवरून आज येथे येत आहे. विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे. तेव्हा दिसणाऱ्या विश्वाची सीमा तितक्याच प्रकाशवर्षांवर असावी, असे वाटेल. पण 1929 साली हबलने दाखविले की दीर्घिका जितक्या दूर, तितक्या वेगाने आपल्यापासून लांब जातात. प्रकाश वाटेत असता मागली वाट ताणली गेली. म्हणून ती सीमा आज सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ती आपल्या दृष्टीची सीमा, विश्वाची नव्हे.

बनारसला गणिताचे प्राध्यापक असलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांचे चिरंजीव जयंतराव यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह अनादि विश्वाचा पक्ष मांडला. 1965 साली सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंगी प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ विरुद्ध पक्षाकडे वळले. तरी जयंतरावांनी 2025 साली निधन होईपर्यंत शंका विचारणे सोडले नाही. पुरावा जपलेला असला म्हणजेच असा वाद चालू शकतो.

हे दप्तरही अक्षय नाही. प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे 1998 साली आढळले. अतिदूरच्या कित्येक दीर्घिकांतून आज निघणारा प्रकाश आपल्यापर्यंत कधीच येणार नाही. कोठीतले कागद माणसांच्या हेळसांडीने गेले. हे जाणे कोणाच्या हाती नाही. जे आज पोहोचते आहे, ते नीट नोंदून छापून ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.