टॅरोविषयक काही उपेक्षित ग्रंथांचे मोल

गूढविद्येवरील ग्रंथांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका गौण नाही. विद्वानांनी हे ग्रंथ भाकडकथा म्हणून दूर सारले. गूढविद्येच्या उपासकांनी त्यांतील सोयीचे तेवढे उचलून बाकीचे टाकून दिले. या दुहेरी उपेक्षेमुळे पुराव्याचे एक मोठे भांडार दीर्घकाळ अस्पर्शित राहिले. टॅरो या युरोपीय पत्त्यांच्या संचाविषयीचे वाङ्मय हे त्याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्यांतील काही ग्रंथांचे प्रामाण्य तपासावयाचे आहे.

प्रथम निश्चित असलेल्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पूर्ण संचात ७८ पत्ते असतात. त्यांपैकी ५६ पत्ते चार रंगांचे, २१ हुकमाचे चित्रपत्ते व एक विदूषकाचा. या खेळाचे जुने उल्लेख उत्तर व मध्य इटलीतील असून ते पंधराव्या शतकाच्या मध्याकडचे आहेत. फ्लोरेन्सकडील उल्लेख १४४० चा, तर फेरारा दरबाराच्या हिशेबवह्यांतील उल्लेख १४४२ चा आहे. मिलानच्या राजघराण्यासाठी रंगविलेल्या एका संचाचे ७४ पत्ते आजही उपलब्ध असून ते न्यूयॉर्क व बेर्गामो येथे विभागलेले आहेत. हे पत्ते खेळण्यासाठी होते. त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा प्रथम अठराव्या शतकात स्पष्टपणे दिसू लागते. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत टॅरो हा निव्वळ खेळ होता, असेच उपलब्ध साधने सांगतात.

आता गूढविद्येच्या ग्रंथांकडे वळू. अशा ग्रंथातील विधाने दोन प्रकारची असतात. एक, लेखक प्राचीन काळाविषयी आवर्जून जे सांगतो ते. दुसरे, स्वतःच्या काळाविषयी तो नकळत जे सांगून जातो ते. पहिल्या प्रकारची विधाने बहुधा टिकत नाहीत. दुसऱ्या प्रकारची मात्र अनेकदा मोलाची ठरतात. कारण तेथे लेखकाला काही सिद्ध करावयाचे नसते. हा भेद न केल्यामुळेच विद्वानांनी संपूर्ण ग्रंथ त्याज्य मानले आणि उपासकांनी ते संपूर्ण ग्राह्य धरले.

कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताच्या आदिम जगावरील महाग्रंथाचा आठवा खंड १७८१ मध्ये प्रसिद्ध झाला. टॅरो हा प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ होय, हा सिद्धान्त त्याने तेथे मांडला. चित्रलिपीचा उलगडा शांपोल्यों याने १८२२ मध्ये केला. म्हणजे हा सिद्धान्त मांडला गेला तेव्हा इजिप्तचे लेख युरोपात कोणालाही वाचता येत नव्हते. या प्रबंधाची कीर्ती व अपकीर्ती दोन्ही मोठ्या झाल्या. परंतु त्याच खंडात कोंत द मेले याचा एक छोटा निबंध आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चित्रपत्त्यांचा हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी मेळ घालणे आणि टॅरोने फल पाहण्याची रीत सांगणे, या दोन्ही गोष्टी त्या निबंधात आहेत. एलिफास लेवी याने १८५४ ते १८५६ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच अक्षरसंबंध, क्रम उलटा करून, आपल्या पद्धतीचा पाया बनविला. एकोणिसाव्या शतकातील एवढ्या मोठ्या संप्रदायाचे मूळ एका दुर्लक्षित निबंधात सापडावे, हे उपेक्षेची किंमत किती असते याचे द्योतक आहे.

एतेया याच्या ग्रंथांची कथा याहून बोधप्रद आहे. त्याचे खरे नाव आल्येत. अक्षरे उलटी लिहून त्याने हे टोपणनाव घेतले. लेवीने त्याला न्हावी ठरवून हिणविले आणि पुढील लेखकांनी तेच गिरविले. वस्तुतः तो आधी बियाण्यांचा व पुढे छापील चित्रांचा व्यापारी होता, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. त्याचे पत्त्यांच्या फलकथनावरील पहिले पुस्तक १७७० चे. त्यातील पद्धत टॅरोची नसून पिके या लोकप्रिय खेळाच्या ३२ पत्त्यांची आहे. प्रत्येक पत्ता सुलटा पडल्यास एक व उलटा पडल्यास दुसरा अर्थ तेथे दिला आहे. टॅरोवरील त्याचे पुस्तक १७८५ मध्ये, म्हणजे कूर द जेबलँच्या खंडानंतर आले. हा कालक्रम महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये साध्या पत्त्यांनी फल पाहण्याची छापील पद्धत अगोदर तयार होती. इजिप्तची भव्य कल्पना तिच्यावर मागाहून चढविली गेली, असा निष्कर्ष त्यावरून निघतो.

मात्र एकाच साक्षीवर निर्णय देऊ नये. फ्रांको प्रातेसी या इटालियन अभ्यासकाने १९८९ मध्ये बोलोन्या येथील एक हस्तलिखित उजेडात आणले. १७५० च्या आधीच्या त्या कागदात स्थानिक टॅरोच्या ३५ पत्त्यांचे अर्थ दिले आहेत आणि इजिप्तचा मागमूसही नाही. टॅरोने फल पाहण्याचा प्रकार पॅरिसच्या पंडितांपूर्वी इटलीतील एका शहरात चालू होता, हे त्यावरून सिद्ध होते. एतेयाच्या साक्षीला यामुळे मर्यादा पडते. पण आधी साधी रीत व नंतर गूढ तत्त्वज्ञान, हा क्रम अधिकच दृढ होतो.

विरोधकांचे वाङ्मयही याच दृष्टीने वाचले पाहिजे. रॉबर्ट स्टील याने १९०० मध्ये लंडनच्या एका पुरातत्त्वविषयक नियतकालिकात एका लॅटिन प्रवचनाचे हस्तलिखित प्रकाशात आणले. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचे हे प्रवचन फासे व पत्ते यांचा निषेध करते. हुकमाचे पत्ते म्हणजे नरकाकडे नेणाऱ्या शिडीच्या पायऱ्या होत, असे प्रवचनकाराचे म्हणणे. निषेधाच्या भरात तो त्या पत्त्यांची नावे क्रमाने देतो. अशी जुनी यादी दुसरीकडे क्वचितच मिळते. आणि पापांची इतकी बारकाईने मोजदाद करणारा हा धर्मोपदेशक पत्त्यांनी भविष्य पाहण्याच्या पापाचा उच्चारही करीत नाही. मौनावरून निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते; पण येथील मौन अर्थपूर्ण आहे.

आपल्या देशाचा संबंध येथे एका जुन्या वादाच्या निमित्ताने येतो. पत्त्यांचे मूळ हिंदुस्थानात असावे, या मताचा विचार विल्यम चॅटो याने १८४८ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने केला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील गंजिफांचे वर्णन दिले. सावंतवाडीची १२० पत्त्यांची दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन परिचयाचे वाटेल. एक संच हजार वर्षांचा म्हणून दिला गेला होता. चॅटोने ती कथा ग्राह्य धरली नाही. त्याची मूळविषयक अनुमाने आज मागे पडली असली, तरी त्याने नोंदविलेले वर्णन टिकून आहे. पुढे १९३९ मध्ये मायर याने इस्तंबूल येथील मामलूक पत्त्यांवर लिहिले, तेव्हा युरोपीय पत्त्यांच्या चार रंगांचा उगम मामलूकांच्या राज्याकडे, म्हणजे मध्ययुगीन मुस्लिम इजिप्त व सीरियाकडे, निर्देश करू लागला. इजिप्तचा संबंध शेवटी निघाला. पण तो फारोंचा नव्हे, सुलतानांचा, आणि तोही चित्रपत्त्यांशी नव्हे, तर साध्या पत्त्यांशी!

शेवटचा उल्लेख गर्ट्रूड मोकली यांच्या ग्रंथाचा. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या या विदुषीने तेथील बुलेटिनात १९५६ मध्ये एक लेख लिहिला व १९६६ मध्ये त्याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रपत्त्यांचा अर्थ त्यांनी पेट्रार्कच्या विजययात्रांच्या काव्यात व इटलीतील उत्सवी मिरवणुकींत शोधला. त्यांचे सर्व तपशील मान्य झाले नाहीत. परंतु चित्रांचा अर्थ ती ज्या समाजात जन्मली त्या समाजात शोधावा, ही त्यांची दिशा योग्य होती. मायकेल डमेट यांच्या १९८० च्या बृहद्ग्रंथाने खेळाच्या इतिहासाला भक्कम पाया दिला आणि त्यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गूढपंथीयांचा इतिहास लिहिला, तेव्हा या उपेक्षित पुस्तकांचा प्रथमच साक्षेपाने उपयोग झाला.

या ग्रंथांना मोल देणे म्हणजे त्यांतील फलकथनावर विश्वास ठेवणे नव्हे. लाचखाऊ कारकुनाची हिशेबवही इतिहासकार वाचतो, म्हणून तो लाच समर्थनीय मानतो असे होत नाही. रमल, शकुन, स्वरोदय यांवरील पोथ्या आपल्याकडील हस्तलिखित संग्रहांतही आहेत. त्यांतील भविष्य खरे की खोटे, हा प्रश्न इतिहासाचा नव्हे. लोक कशाची चिंता करीत होते, कोणते प्रश्न घेऊन ज्योतिषाकडे जात होते, कोणाकडून ही विद्या शिकत होते, हे प्रश्न मात्र निश्चितच इतिहासाचे आहेत. त्यांची उत्तरे इतर साधनांत सहसा मिळत नाहीत. म्हणून या पोथ्यांची सूची करताना ‘किरकोळ’ हा शेरा मारण्यापूर्वी अभ्यासकाने त्या एकदा उघडून पाहाव्यात.