जनसंघ ते भाजप : ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा हिशेब

राजकीय पक्षाचे बळ दोन पट्ट्यांनी मोजता येते. एक, त्याने लढवलेल्या आणि जिंकलेल्या जागा. दुसरी, निवडणूक नसतानाही त्याच्याभोवती टिकणारा माणसांचा गोतावळा. बहुतेक ठिकाणी दोन्हींचे उत्तर जवळपास सारखे निघते. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत मात्र जनसंघ आणि त्याचा वारस भाजप यांच्याबाबत या दोन आकड्यांत मोठी तफावत पडते. या पट्ट्यातले उजवे राजकारण समजून घ्यायचे तर ही तफावत कशी पडली ते आधी पाहावे लागते.

सुरुवात गोतावळ्यापासून करू. गिरगाव-दादरच्या चाळींत जागा पुरेना, तेव्हा नोकरदार मराठी मध्यमवर्ग लोकलच्या मार्गाने ठाण्यात, पुढे डोंबिवली-कल्याणात सरकला. त्यात संघाच्या शाखेत वाढलेली माणसे बरीच होती. त्यांनी शाखेबरोबर संस्थाही उभ्या केल्या. डोंबिवली नागरी सहकारी बँक 1970 ची, ठाणे जनता सहकारी बँक 1972 ची, कल्याण जनता सहकारी बँक 1973 ची. तीन वर्षांत तीन बँका, आणि तिन्हींच्या मुळाशी एकाच विचाराची माणसे. मुलाची शाळा, घराचे कर्ज, रक्तदान शिबिर, व्याख्यानमाला या वाटांनी पक्षाचे नावही न घेता पक्षाचा मतदार घडत गेला. डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा याच परंपरेतली. गणेश मंदिर संस्थानाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू केली, कल्पना माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी यांची. आज गावोगावी अशा यात्रा निघतात.

या जमिनीवर पहिले मोठे पीक काढले ते रामभाऊ म्हाळगी यांनी. 1957 मध्ये मावळातून निवडून आलेले म्हाळगी हे महाराष्ट्रातल्या जनसंघाच्या पहिल्या आमदारांपैकी एक. पुढे ते पुण्यातून निवडून येत राहिले. 1977 मध्ये जनसंघ जनता पक्षात विलीन झाला आणि म्हाळगी ठाण्याचे खासदार झाले. 1980 च्या जानेवारीत इंदिरा गांधींची लाट असतानाही त्यांनी ठाणे राखले. तीनच महिन्यांनी, 6 एप्रिलला, भाजप जन्मला. लोकप्रतिनिधी म्हणून म्हाळगींची एक रीत होती : वर्षभरात काय केले याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. आजच्या रंगीत कार्यअहवालांत फोटोच अधिक असतात. म्हाळगींचा अहवाल हा हिशेब होता. 6 मार्च 1982 ला ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या नावाची प्रबोधिनी स्थापन झाली. भाईंदरजवळच्या उत्तनला तिचे संकुल आहे.

त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत जगन्नाथ पाटील निवडून आले. ही निवड लक्षात ठेवण्याजोगी, कारण पाटील आगरी समाजातले. पांढरपेशांचा समजला जाणारा पक्ष इथल्या भूमिपुत्रांपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यातून दिसले. 1984 ला सहानुभूतीच्या लाटेत ही जागा काँग्रेसच्या शांताराम घोलपांकडे गेली. 1989 आणि 1991 मध्ये मराठीचे प्राध्यापक राम कापसे यांनी ती परत आणली.

इथवर दोन्ही पट्ट्या जुळत होत्या. फाटा फुटला तो शिवसेनेशी झालेल्या युतीमुळे. ठाणे नगरपालिका ही शिवसेनेच्या हाती आलेली पहिली सत्ता. 1967 मध्ये वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले तेव्हा सेना एका वर्षाची होती. 1980 नंतर आनंद दिघे यांनी या पायावर वेगळीच इमारत बांधली. टेंभी नाक्यावर रात्री उशिरापर्यंत भरणारा त्यांचा दरबार, तिथे मांडली जाणारी भाडेकरूंची भांडणे, शाळेचे प्रवेश, रुग्णालयाची बिले, आणि जागेवरच मिळणारा निकाल. संघवाल्यांची संस्था माणूस पिढीभर सांभाळते. दिघ्यांचा दरबार त्याचे काम त्याच रात्री करायचा. मतांच्या बाजारात दुसरी पद्धत जोरात चालते, आणि ठाण्यात ती चालली.

1996 मध्ये युतीच्या वाटपात ठाणे लोकसभा शिवसेनेला गेली. विद्यमान खासदार कापसे यांची राज्यसभेत सोय झाली आणि प्रकाश परांजपे सेनेचे खासदार झाले. युती टिकवण्याची ती किंमत होती असे समर्थन तेव्हा झाले, आजही होते. मला ते अपुरे वाटते. उमेदवार दिला नाही की प्रचारयंत्रणा गंजते, महत्त्वाकांक्षी कार्यकर्ता दुसरे दार शोधतो आणि मतदाराचा हात दुसऱ्या चिन्हाला सरावतो. ठाणे शहरात नेमके तेच झाले. 2009 मध्ये कल्याण हा वेगळा लोकसभा मतदारसंघ झाला, तोही सेनेकडेच गेला. परिणाम असा की 1991 नंतर लोकसभेला ठाणेकराला किंवा डोंबिवलीकराला मतदानयंत्रावर कमळ दिसलेलेच नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण इथे उलट्या बाजूने उपयोगी पडते. तिथला उजवा पक्ष 1990 पासून नावे बदलत आला. 2012 मध्ये तो सेनुरी झाला, 2020 मध्ये पीपल पॉवर पार्टी. डिसेंबर 2024 मध्ये या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने लष्करी कायदा पुकारला, त्यापायी पुढे पद गमावले आणि जून 2025 ची निवडणूकही पक्ष हरला. तरी देगू शहर त्याच्याच मागे राहिले. नावे गेली, पण देगूत पक्षाचा उमेदवार कायम उभा होता. डोंबिवलीत पक्षाचे नाव 1980 पासून एकच आहे, लोकसभेचा उमेदवार मात्र गायब.

विधानसभेने ही कसर काही अंशी भरून काढली. 2009 मध्ये नवा झालेला डोंबिवली मतदारसंघ रवींद्र चव्हाण यांनी सलग चार वेळा जिंकला, आणि जुलै 2025 मध्ये ते प्रदेशाध्यक्ष झाले. 2014 ला युती तुटली तेव्हा संजय केळकरांनी शिवसेनेच्या ठाणे शहरात कमळ फुलवले. 2015 च्या महापालिका निवडणुकीत कल्याण-डोंबिवलीत सेना 52, भाजप 42 असा निकाल लागला. वेगळे लढल्यावर भाजप किती वाढतो, हे या दोन निवडणुकांनी दाखवले. लढून झाल्यावर पुन्हा सत्तेत एकत्र बसले, हेही खरे.

वाढीचा दुसरा मार्ग बाहेरून आला. किसन कथोरे, कपिल पाटील, गणेश नाईक हे राष्ट्रवादीतून आले. कल्याण पूर्वेचे गणपत गायकवाड अपक्ष आमदार होते. यांनी जागा आणल्या, जुन्या संस्थांशी त्यांचे नाते मात्र जेमतेम. फेब्रुवारी 2024 मध्ये आमदार गायकवाडांनी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात शिवसेनेच्या शिंदे गटाच्या पदाधिकाऱ्यावर गोळीबार केला. त्या रात्री म्हाळगींच्या पक्षाला हा नवा मार्ग किती महाग पडू शकतो, ते दिसले.

पुढचे चित्र याच दोन ताणांवर ठरेल. 2022 मध्ये दिघ्यांचे शिष्य एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर दिघ्यांच्या दरबाराला मंत्रालयाचे बळ मिळाले. जून 2023 मध्ये डोंबिवलीतल्या भाजप कार्यकर्त्यांनी त्यांचे पुत्र आणि कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांना सहकार्य न करण्याचा ठराव केला, आणि 2024 ला त्याच शिंद्यांसाठी त्यांनी पत्रके वाटली. 2024 मध्ये राज्यात 132 आमदार निवडून आणलेला पक्ष कल्याण लोकसभा मागायला कचरतो, कारण ही जागा मागणे म्हणजे मित्रपक्षाच्या घरातच हात घालणे. पण जोवर तो कचरतो तोवर डोंबिवलीची संघटना दुसऱ्याचा खासदार निवडून देत राहील.