कान लाल, पण खालची पाळी साफ? रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिसची लक्षणे आणि तपासण्या

पिंपळगाव बसवंत : द्राक्षबागेत फवारणी सुरू झाली की अंगावर पुरळ, डोळ्यांची आग, कानाची जळजळ या तक्रारी निफाड तालुक्यात नव्या नाहीत. बहुतेक वेळा कारण औषध, ऊन नाहीतर गांधीलमाशी. चार दिवसांत कान बरा होतो. पण कान लालजांभळा होऊन सुजतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, आठ-पंधरा दिवसांत आपोआप उतरतो आणि काही महिन्यांनी परत तसाच होतो, तेव्हा 'फवारणी बाधली' म्हणून सोडून देऊ नये.

रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कूर्चेवर उलटते. कूर्चा म्हणजे वाकवलं तर वाकणारं मऊ हाड. ते कानात, नाकाच्या शेंड्यात, बरगड्यांच्या टोकाला, सांध्यांत आणि श्वासनलिकेत असतं. आजार दुर्मिळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला फार तर तीन-चार नवे रुग्ण, असा परदेशातला अंदाज. तो इथे लावला तर पाच लाखांच्या आसपास वस्तीच्या निफाड तालुक्यात वर्षाला एखाद-दुसरा. त्यामुळे गावातल्या डॉक्टरने असा रुग्ण कधी पाहिलेलाच नसेल, यात त्याचा दोष नाही. चाळीस ते साठ या वयात तो जास्त दिसतो.

ओळखीची मोठी खूण कानातच आहे. डूल घालतो त्या खालच्या पाळीत कूर्चा नसते. म्हणून वरचा सगळा कान सुजलेला आणि पाळी मात्र जशीच्या तशी, असं दिसतं. जंतूंमुळे किंवा कीटक चावल्याने सूज आली तर सहसा एकच कान धरतो, पाळीही सुजू शकते. कुष्ठरोगात तर पाळीच जाड होते, गाठी येतात, आणि दुखत नाही. कानाच्या वरच्या भागात टोचून घेतल्यावर पू झाला असेल तर तो जंतुसंसर्ग समजून लगेच दाखवावं.

पुढे नाकाचा मधला भाग दुखतो, काहींचं नाक खोगिरासारखं खाली बसतं. डोळे लाल होतात, सांधे धरतात, ऐकू कमी येतं, चक्कर येते. सगळ्यात धोक्याचं म्हणजे आवाज बसणं, गळ्याच्या पुढच्या भागाला दाबलं की दुखणं आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. अशा रुग्णाला दम्याचा पंप देऊन महिने काढले जातात. श्वास अडकत असेल तर तपासण्यांची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावं.

हा आजार आहे असं ठामपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. लोकांचा गोंधळ इथेच होतो. ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असतात, पण ते साध्या तापातही वाढतात, आणि या आजारात कधी नॉर्मलही येतात. आरए फॅक्टर, एएनए, एएनसीए या तपासण्या दुसरे आजार वगळायला करतात. निदान मुख्यतः लक्षणांवर होतं. १९७६ साली मॅकअ‍ॅडम यांनी सहा लक्षणं ठरवली : दोन्ही कान, नाक, श्वासमार्ग, डोळे, सांधे, आणि ऐकणं किंवा तोल. त्यांतली तीन असली की आजार धरतात. शंका राहिली तर कूर्चेचा तुकडा काढून बायोप्सी करतात. कान बेढब होण्याची भीती असल्याने ती प्रत्येकाची करत नाहीत.

कान बरा दिसला तरी श्वासनलिका तपासावीच. स्पायरोमेट्री आणि छातीचा सीटी स्कॅन होतो. सीटी श्वास आत धरून आणि सोडतानाही काढायला हवा, कारण मऊ पडलेली नळी श्वास सोडतानाच दबते. एवढं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. हृदयाच्या झडपांसाठी टूडी इको, शिवाय लघवी, डोळे आणि ऐकण्याची तपासणी होते. पन्नाशीपुढच्या पुरुषाला सोबत ताप, अंगावर चट्टे आणि रक्त कमी असेल तर २०२० मध्ये सापडलेल्या वेक्सास या आजारासाठी यूबीए१ जनुकाची चाचणी सुचवतात.

दाखवायचं संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टला. श्वासाचा त्रास असेल तर सोबत कान-नाक-घसा तज्ज्ञही लागतात.

जाण्याआधी एक काम मात्र घरीच होतं. कान सुजलेला असताना मोबाईलवर दोन्ही कानांचे फोटो तारखेसकट काढून ठेवावेत, कारण नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते. आधी कुठे सूज उतरवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगावं, त्याने रिपोर्ट साफ दिसू शकतात. चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी कळवावा, कारण भुलीची नळी घालताना अरुंद झालेला श्वासमार्ग त्रास देतो.