बारगिराचा घोडा आणि मालमोटारीची वही

जबलपुराहून नागपुरास जाणारा रस्ता तिलवारा घाटापाशी नर्मदा ओलांडतो, आणि सातपुड्याच्या चढणीस लागण्यापूर्वी ज्या गावावरून जातो त्याचे नाव बरगी. हे नाव कानी पडताच मराठी वाचकास नागपूरकर भोसल्यांच्या त्या बारगिरांचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक आहे, ज्यांच्या 1741 ते 1751 या काळातील स्वाऱ्यांनी बंगाली भाषेस ‘बर्गी’ हा शब्द दिला. गावाचे नाव त्यांच्यावरूनच पडले असे म्हणण्यास मजजवळ आधार नाही, म्हणून तो संबंध मी जोडीत नाही. मात्र बारगीर आणि या रस्त्यावरचा मालमोटारीचा ड्रायव्हर यांच्यात एक नाते आहे, आणि ते दफ्तराचे आहे.

शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिराच्या मांडीखालचा घोडा सरकारचा असे. ज्याची वस्तू त्याच्या हाती नाही आणि ज्याच्या हाती आहे त्याची ती नव्हे, अशा ठिकाणी लेखणीवाचून निभाव लागत नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीस लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तितक्याच घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद नेमलेला दिसतो. लष्कर मुलूखगिरीस निघताना लोकांच्या चीजवस्तूंचे जाबते होत आणि परतल्यावर त्यांवरून झाडा घेतला जाई. मोगलांच्या फौजेत घोड्यास डाग देऊन त्याचे वर्णन लिहून ठेवीत, ते अशासाठी की हजेरीस उमदे जनावर दाखवून चाकरीस तट्टू आणता येऊ नये. नालबंदाचे काम आणि कारकुनाचे काम ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

गढामंडळाचा हा मुलूख 1798 त नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले. पागा मोडल्या, रस्ते बांधले गेले, बैलगाड्यांमागून मोटारी आल्या. 1947 त वालचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून आणि 1954 त टाटांच्या कारखान्यातून देशी जुळणीच्या मालमोटारी बाहेर पडू लागल्या. पण मालक शहरात आणि गाडी कुरईच्या घाटात, हा जुना पेच कायमच राहिला.

त्यातूनच मालमोटारीची वही जन्मली. तारीख, किलोमीटर, काम, सामानाची किंमत, मिस्त्रीची मजुरी, एवढाच तिचा तपशील. धूम्याजवळ कमानीचा पाटा तुटला तर ड्रायव्हरने मिस्त्रीची चिठ्ठी आणावी आणि तुटलेला पाटाही आणून दाखवावा. टायरचे नंबर नोंदून ठेवावे, कारण वाटेत नवा टायर उतरून जुना चढू शकतो. घोड्याच्या डागाचे काम येथे टायरचा नंबर करतो. अविश्वासाने आरंभिलेली ही नोंद दोन-चार वर्षांत निराळेच रूप घेते: ब्रेकचे लायनिंग घाटाच्या फेऱ्यांत किती लवकर झिजले, ऑईल बदलण्यास विलंब झाल्यावर इंजिन केव्हा खोलावे लागले, डाव्या बाजूचेच पाटे वारंवार का तुटतात, हे सारे त्या मळक्या पानांवर आपोआप उमटते. चौकशीसाठी ठेवलेले दफ्तर ज्ञानाचे साधन बनते, आणि चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वी वही मागतो ती याचकरिता.

सरकारनेही आपल्या परीने कागद मागितला. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारीस योग्यतेचा दाखला आवश्यक केला, आणि 1 जुलै 1989 पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तो पुढे चालविला. आठ वर्षांवरील गाडीस आज तो दरवर्षी घ्यावा लागतो. ‘पासिंग’ म्हणून ड्रायव्हर ज्यास ओळखतात त्या या दाखल्याचे महत्त्व मी कमी मानीत नाही. तथापि गाडी तपासणीच्या दिवशी कशी होती, एवढेच तो सांगतो, आणि ती तेथवर कशी आली हे केवळ वही सांगते. लष्कराने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. जबलपुरातच, प्रथम गन कॅरेज फॅक्टरीत आणि 1969 त स्थापन झालेल्या वाहन कारखान्यात, ज्या शक्तिमान गाड्या तयार झाल्या, त्या लष्करात दाखल झाल्यावर प्रत्येकीचे लॉगबुक तिच्याबरोबर फिरत असे. खाजगी मालकास असा हुकूम कोणी केला नव्हता, आणि म्हणूनच त्याने स्वेच्छेने ठेवलेली वही मला अधिक मोलाची वाटते.

परंतु गाडी भंगारात गेली की वहीही रद्दीत जाते. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दफ्तरांसाठी गावोगाव हिंडले आणि 1910 त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, ते राजे-सरदारांचे कागद वाचावेत म्हणून. या रस्त्याच्या कष्टांचे कागद वाचविण्यास अद्याप कोणी निघालेले नाही. नागपूर, शिवनी, जबलपूर येथील ज्या घरांत वडिलांच्या मालमोटारीची, मग ती बरगीच्या धरणावर दगड-माती वाहणारी का असेना, एखादी वही अजून माळ्यावर पडून असेल, त्यांनी ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकवार उघडावी आणि जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी, ही विनंती.