वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पचन कसे बदलते?

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया म्हणजे जठर लहान करणे, आणि जठर लहान झाले की माणूस कमी खातो, एवढीच समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. या शस्त्रक्रियेने अन्नाचा मार्ग, त्यात पाचकरस मिसळण्याची जागा आणि भुकेची संप्रेरके हे सारेच बदलते. सप्टेंबर २०११ मध्ये भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘बॅरिएट्रिक सर्जरी’ हा शब्द अनेकांच्या कानावर प्रथमच पडला. नांदेड-लातूरकडचा रुग्ण पुणे, मुंबई वा हैदराबाद गाठून शस्त्रक्रिया करून घेतो आणि काही दिवसांत घरी परततो. पचन मात्र पुढची सारी वर्षे घरच्याच ज्वारीच्या भाकरीवर आणि तुरीच्या वरणावर व्हायचे असते.

एरवी जठरात एक ते दीड लिटर अन्न मावते. तेथील आम्ल आणि पेप्सिन प्रथिनांची फोड करू लागतात. लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे ‘ड्युओडेनम’मध्ये, यकृतातील पित्त आणि स्वादुपिंडाचा रस अन्नात मिसळतो. लोह प्रामुख्याने याच भागात शोषले जाते; कॅल्शियम येथे आणि याच्या लगतच्या भागात. ब-१२ जीवनसत्त्व मात्र आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला शोषले जाते आणि तेही जठरात तयार होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाची सोबत असेल तरच.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्याला हात लावला जात नाही. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि ड्युओडेनम शरीरातच राहतात, पण अन्न तिकडे फिरकत नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस बराच पुढे जाऊन अन्नाला भेटतो. न पचलेले अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवते. वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, अनेक मधुमेहींची साखर खाली येते ती यामुळेही. इन्सुलिन किंवा गोळ्यांचे जुने प्रमाण तसेच चालू ठेवले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

लोहाचे गणित सरळ आहे. जिथे ते शोषले जायचे तो भागच बायपासमध्ये वगळला जातो, आणि स्लीव्हमध्ये आम्ल कमी झाल्याने भाजी-धान्यातील लोह विरघळत नाही. त्यात ज्वारी, डाळीतील फायटेट आणि जेवणानंतरचा चहा लोहाला अडवतात. पाळी येणाऱ्या स्त्रियांना म्हणूनच रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सुचवले जाते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियमही ‘सायट्रेट’ स्वरूपातले घेणे बरे, कारण ते शोषायला आम्ल लागत नाही.

खरा दगा देते ते ब-१२. ते यकृतात साठलेले असते आणि साठा वर्षानुवर्षे पुरतो. परिणामी शस्त्रक्रियेनंतर पहिली एक-दोन वर्षे रुग्ण ठणठणीत असतो, वजन उतरलेले असते, गोळ्या आपोआप सुटतात. मग पायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. जुना मधुमेही असेल तर ‘साखरेमुळे होते’ म्हणून दुर्लक्ष होते. मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मिनही ब-१२ कमी करते, ही आणखी एक मेख. केवळ फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. उशीर झाल्यास ती पूर्ण भरून येत नाही. शिवाय आपला साठा मुळातच तुटपुंजा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी आढळले होते. शाकाहारी माणसाने शस्त्रक्रियेपूर्वीच ही तपासणी करून घ्यावी. नंतर रोज गोळी अथवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, हे कायमचे.

थायमिनचे, म्हणजे ब-१ चे, नेमके उलटे. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. पहिल्या काही महिन्यांत सतत उलट्या होऊ लागल्या तर तो संपतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला इजा होण्याचा संभव असतो. डोळ्यांची हालचाल बिघडणे, चालताना झोक जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया झाल्याचे सांगणे नातेवाइकांनी कदापि विसरू नये.

आता ताटाकडे येऊ. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत आणि पोटात मावते मूठभर. पंचवीस ग्रॅम तूरडाळीतून साडेपाच ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. वरणाची वाटी पातळ असेल तर याहूनही कमी. डाळीची मोठी बाजारपेठ असलेल्या लातुरातही नुसत्या वरणावर हा हिशेब जुळत नाही. अंडी, दही, पनीर आणि आपल्याच शिवारात पिकणारे, परंतु घरात न शिजणारे सोयाबीन यांची जोड द्यावी लागते. घास लहान, चावणे भरपूर आणि प्रथिने आधी, भाकरी नंतर. पंगतीतला आग्रह येथे शत्रू ठरतो. येळवशीला शेतात भज्जी, उंडे आणि अंबिलाचा बेत असतो. त्यातले दोन-तीन घास घेऊन हात धुणाऱ्या पाहुण्यावर यजमानाने रागावू नये. बायपासनंतर गुळवणी, पुरणपोळी, उसाचा रस यांनी दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ शकतात. काहींना तासा-दोन तासांनी साखर उतरून गरगरते.

पाण्याचाही प्रश्न आहे. जेवताना पाणी प्यायचे नाही, नंतरही अर्धा तास थांबायचे आणि एका दमात तांब्या रिकामा करणे तर अशक्यच. पारा चाळिशी ओलांडतो त्या एप्रिल-मेमध्ये दिवसभर घोट-घोट पाणी पीत राहिले नाही तर शरीर कोरडे पडते. बायपासमध्ये न शोषलेली चरबी आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झॅलेट रक्तात जाते आणि मूतखडे होण्याची शक्यता वाढते. पालक, चुका रोज खाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मूल हवे असलेल्या स्त्रीने वजन झपाट्याने घटत असण्याचा काळ, म्हणजे साधारण बारा ते अठरा महिने, जाऊ द्यावा. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी व्रण होतो. मद्यही पूर्वीपेक्षा वेगाने रक्तात चढते.

रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी कराव्या लागतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन यांच्या तपासण्यांसाठी दर वेळी महानगर गाठण्याची गरज नाही. नमुना आपल्याच गावी देता येतो. मात्र तो अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना कोणती शस्त्रक्रिया झाली आणि आतड्याचा किती सेंटिमीटर भाग वगळला हे ठाऊक हवे. रुग्णालयातून निघताना मिळणाऱ्या कागदावर या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात आणि त्याची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक घरात ठेवावी.