कोरडे लेखन : प्रत, पृष्ठभाग आणि वाचक

यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयी वाल्टर बेन्यामिन यांनी १९३०च्या दशकाच्या मध्याला जी मांडणी केली, तिचा आधार साहित्यसमीक्षेने पुढे वारंवार घेतला. मात्र त्या मांडणीच्या केंद्रस्थानी छायाचित्र आणि चित्रपट होते. लिखित पानाची प्रत काढण्याचा प्रश्न मुद्रणाने केव्हाच सोडवला आहे, असे जणू गृहीत धरले गेले. परिणामी ‘प्रत’ ही संकल्पना समीक्षाविचारात मुख्यतः संख्येशी निगडित राहिली. ज्या पृष्ठभागावर प्रत घडते, त्याचा विचार फारसा झाला नाही. तो केला तर असे दिसते की, विसाव्या शतकातील स्थिरविद्युत् छायाप्रतीने केवळ प्रतींची संख्या वाढवली नाही. प्रत कशाची, किती आणि कोणासाठी काढायची हा निर्णय तिने प्रकाशकाच्या हातून वाचकाच्या हाती नेला. या स्थित्यंतराचे मूळ एका पातळ पटलाच्या गुणधर्मात आहे.

या इतिहासाचे आरंभीचे टोक अठराव्या शतकातील ग्यॉटिंगेन विद्यापीठात सापडते. तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग हे जर्मन वाङ्मयात सूत्रात्म गद्याचे लेखक म्हणून प्रसिद्ध आहेत. १७७७ मध्ये राळेच्या विद्युत्भारित चकतीवर बसलेल्या बारीक धुळीतून ताऱ्यांसारख्या आकृत्या उमटल्याचे त्यांच्या ध्यानात आले. या आकृत्या त्यांनी कागदावर उतरवूनही घेतल्या. अदृश्य विद्युत्भाराला धूळ दृश्य करते, हे तत्त्व येथे सिद्ध झाले होते. परंतु त्या आकृत्या कशाचीही प्रत नव्हत्या. विजेने स्वतःचीच मागे ठेवलेली ती खूण होती. तिचे लेखनात रूपांतर व्हायला आणखी १६१ वर्षे जावी लागली.

हे रूपांतर घडवणारा चेस्टर कार्लसन (१९०६–१९६८) हा न्यूयॉर्कमधील एका विद्युत्साहित्य कंपनीच्या पेटंट विभागात काम करीत असे. पेटंटांच्या तपशिलांच्या व आकृत्यांच्या प्रती त्याला सतत लागत. मजकूर पुन्हा टंकलिखित करून ताडून पाहणे किंवा ओल्या रासायनिक प्रक्रियेने खर्चिक छायाचित्र काढणे, हे दोनच मार्ग त्याच्यापुढे होते. रात्री तो कायद्याचा अभ्यास करी. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने ग्रंथालयात बसून उतारेच्या उतारे हाताने लिहून काढी. दृष्टी अधू, सांधे दुखरे. या शोधाच्या मुळाशी यंत्रशास्त्रातील कुतूहलापेक्षा लेखनिकाचे कष्ट अधिक आहेत, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

हंगेरियन शास्त्रज्ञ पाल सेलेन्यी यांच्या स्थिरविद्युत् प्रतिमांवरील संशोधनातून कार्लसनला दिशा मिळाली. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया या न्यूयॉर्कच्या उपनगरी भागातील भाड्याच्या खोलीत त्याने आणि त्याचा सहायक ओटो कॉर्नाय याने गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी अंधारात रुमालाने घासून भारित केली. शाईने तारीख व ठिकाण लिहिलेली काच तिच्यावर ठेवून काही क्षण दिव्याचा झोत सोडला, काच उचलली आणि वनस्पतीच्या बीजाणूंची भुकटी भुरभुरून फुंकर मारली. पट्टीवर अक्षरे उरली. मेणकागदावर ती उतरवता आली. पुढील पाच-सहा वर्षे वीसहून अधिक कंपन्यांनी या शोधाकडे पाठ फिरवली.

१९४४ मध्ये ओहायोतील बॅटेल संस्थेने या प्रक्रियेचे काम हाती घेतले आणि गंधकाची जागा सेलेनियमने घेतली. सेलेनियमची विशेषता अशी की, त्याचे अस्फटिकी रूप अंधारात विद्युत्भार धरून ठेवते आणि प्रकाश पडताच सोडून देते. तेच स्फटिकरूप पावले की अंधारातही भार गळू लागतो. म्हणून निर्वात पात्रात सेलेनियमची वाफ करून अ‍ॅल्युमिनियमच्या दंडगोलावर सुमारे ५० मायक्रोमीटर जाडीचे पटल चढवायचे आणि त्याचे स्फटिकीभवन होऊ द्यायचे नाही, हे या कलेचे मर्म ठरले. अ‍ॅल्युमिनियम आणि सेलेनियम यांच्यामध्ये ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर राखला जाई. धातूतून भार वर शिरू नये, एवढेच त्याचे काम. रॉचेस्टरच्या हॅलॉइड कंपनीने या प्रक्रियेचे हक्क घेतले. ग्रीक भाषेच्या एका अध्यापकाने ‘कोरडे’ आणि ‘लेखन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तिला ‘झेरोग्राफी’ हे नाव सुचवले. १९५९ मध्ये ‘९१४’ हे यंत्र आले. ९ बाय १४ इंचांच्या साध्या कागदावर ते प्रत काढी, यावरूनच त्याचे नाव पडले.

या पटलाचे वैचारिक महत्त्व त्याच्या विसरण्यात आहे. मुद्रणाचे खिळे, शिलामुद्रणाचा दगड, चक्रमुद्रणाची स्टेन्सिल ही सर्व माध्यमे मजकूर जपून ठेवतात. मूळ संहिता आणि प्रत यांच्यामध्ये ती एक टिकाऊ मध्यस्थ उभा करतात. तो घडवण्याचा खर्च वसूल व्हायचा तर प्रती अनेक काढाव्या लागतात आणि त्यासाठी वाचकसमूहाची आधीच कल्पना करावी लागते. सेलेनियमचे पटल मजकूर धरते ते जेमतेम काही क्षण. नंतर पुसले जाऊन पुढच्या पानासाठी कोरे होते. मध्यस्थ उरत नाही, म्हणून एकच प्रतही पुरेशी ठरते. १९५० आणि १९६०च्या दशकांतील चक्रमुद्रित मराठी अनियतकालिकांची तुलना येथे उद्बोधक ठरते. स्टेन्सिल कापणारा गट, गट म्हणूनच, प्रकाशक होत होता. छायाप्रत काढणारा वाचक मात्र एकटा असतो आणि त्याला प्रकाशक होण्याची गरज नसते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. आरंभीच्या यंत्रांत सलग काळा भाग मध्यभागी पोकळ, फिका उमटे. रेषांच्या कडा मात्र ठळक येत, कारण भारित व भारमुक्त भागांच्या सीमेवर विद्युत्क्षेत्र सर्वांत तीव्र असते. चित्राच्या बाबतीत जो दोष, तोच अक्षराच्या बाबतीत गुण ठरला. हे यंत्र स्वभावतःच अक्षराचे पक्षपाती होते.

संहिताचिकित्सेच्या दृष्टीने येथे एक तुटलेपण आढळते. हस्तलिखितांच्या परंपरेत लेखनिकाची चूक अर्थपूर्ण असते. तिच्यावरून पोथ्यांचे वंशवृक्ष मांडता येतात. १९६६ मध्ये पूर्ण झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाठभेदांच्या अशाच तौलनिक अभ्यासावर उभी आहे. छायाप्रतीत पाठभेद संभवत नाही. प्रतीची प्रत काढत गेल्यास अक्षर फक्त जाड, तुटक, अस्पष्ट होत जाते. उलट, आधीच्या वाचकाच्या अधोरेखा आणि समासातील टिपणे मजकुराइतक्याच निष्ठेने उतरतात. एका वाचनाची खूण दुसऱ्या वाचकाला संहितेचाच भाग म्हणून मिळते.

१९७०पासून सेलेनियमच्या जागी सेंद्रिय पटले येऊ लागली. पुढे त्यांत कामाची विभागणी झाली : एक मायक्रोमीटरहूनही पातळ थर प्रकाश शोषून भार निर्माण करतो, त्यावरील बहुवारिकाचा जाड थर तो वाहून नेतो. लेझर मुद्रकात हाच दंडगोल संगणकाच्या आज्ञेने लिहू लागला. तेथे काचेवर ठेवायला मूळ पान उरले नाही. मूळ आणि प्रत यांतील भेदच निराधार झाला.

भारतीय विद्यापीठांत या बदलाचा परिणाम सिद्धान्तापुरता राहिला नाही. ‘झेरॉक्स’ हे एका कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. २०१२ मध्ये तीन आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि त्याच्या परिसरातील एका छायाप्रत-दुकानाविरुद्ध दावा दाखल केला. वेगवेगळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र करून अभ्याससंच बनवणे, हा वादाचा विषय होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठाने अध्यापनासाठी होणाऱ्या पुनरुत्पादनाला कायद्यात स्थान असल्याचे मान्य करीत काही मुद्दे पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

ग्रंथालयात उतारे लिहून काढणाऱ्या गरजू विद्यार्थ्याची अडचण अशा रीतीने न्यायालयात येऊन पोहोचली. तिचा निवाडा विद्यार्थ्याच्या बाजूने झाला, हे इष्टच होय. परंतु अभ्याससंचात ग्रंथ येत नाही, त्याचे एक प्रकरण येते. युक्तिवाद येतो, त्याची पूर्वपीठिका मागे राहते. वाचनाचे एकक ग्रंथाकडून पानाकडे सरकले असताना ‘संहिता’ ही संज्ञा पूर्वीच्याच अर्थाने वापरणे समीक्षेला परवडणारे नाही. प्रतीचा सिद्धान्त मांडायचा तर प्रत धरणाऱ्या, आणि विसरणाऱ्या, पृष्ठभागापासूनच आरंभ करावा लागेल.