एडमंड बर्क: पॅरिस आणि अवध

पुराणमतवाद म्हणजे बदलाला विरोध, एवढेच उत्तर परीक्षेत लिहू नका. या विचाराचा पाया घालणारा एडमंड बर्क (१७२९–१७९७) अमेरिकन वसाहतींवर कर लादण्याच्या विरोधात ब्रिटिश संसदेत बोलला होता. मग त्यानेच १७९० मध्ये 'रिफ्लेक्शन्स ऑन द रिव्होल्यूशन इन फ्रान्स' लिहून फ्रेंच क्रांतीवर हल्ला का चढवला?

त्याच्या मते समाज हा आजच्या पिढीचा एकटीचा नसतो. मागच्या आणि पुढच्या पिढ्यांचाही त्यात वाटा असतो. कागदावर हक्क मांडून जुन्या संस्था एका झटक्यात मोडल्या, तर सत्ता शेवटी एखाद्या लोकप्रिय सेनापतीकडे जाते. नेपोलियनने १७९९ मध्ये हे खरे केले, पण ते पाहायला बर्क उरला नव्हता. थॉमस पेनने 'राइट्स ऑफ मॅन'मध्ये (१७९१) घेतलेला आक्षेप मात्र बोचरा आहे: मेलेल्यांनी जिवंतांना का बांधून ठेवावे?

आता भारताकडे या. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात बर्कने बनारसचा राजा चैत सिंह आणि अवधच्या बेगमा यांच्यावरील अन्याय मांडला. इथले कायदे, धर्म, चालीरीती प्राचीन आहेत, कंपनीने त्या तुडवू नयेत, हा त्याचा युक्तिवाद. म्हणजे पॅरिस असो वा अवध, तर्क एकच. जात गमावावी लागणे हाही त्याला मोठा जुलूम वाटतो. जातीखाली दडपलेल्यांकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. १७८८ मध्ये सुरू झालेला हा खटला सात वर्षे चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.